गावाचं दप्तर आमच्या डोक्यात होतं
(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घराण्याचा इतिहास कसा शोधायचा यावर तू बोल, असं मला सांगण्यात आलं. आता घराणं हा शब्दच आपल्या अंगाला ढगळ होतो. घराणी असतात देशमुखांची, इनामदारांची. नाशिकला तीर्थोपाध्यांच्या घरी चोपड्या आहेत. त्यांचा माणूस तिथं जातो, गावाचं नाव आणि आडनाव सांगतो, उपाध्या चोपडी उघडून सात पिढ्या घडाघडा वाचून दाखवतो. आपलं काय? पंढरपूरला १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसले तोवर आपल्या माणसाला चोखोबाच्या समाधीपुढं पाऊल टाकता येत नव्हतं. जो दारातच अडवला त्याचं नाव चोपडीत कोण लिहिणार?

म्हणून शिकलेसवरलेले लोक आपल्याला सांगतात, तुम्हाला लेखी इतिहास नाही. ऐकायला खरं वाटतं. मला ते मान्य नाही. मी दहावी पास, जुन्या भाषेत मॅट्रिक. गोदीत बोटीवरचा माल उतरवतो आणि कविता लिहितो. इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी गावाकडच्या दप्तरात नाक खुपसून बसतोय, त्याच्या जोरावर बोलतो.

गावात कुणी मेलं की पंचक्रोशीत सांगावा घेऊन कोण धावत होतं? महार. पाटलाला आणि कुळकर्ण्याला जन्मल्या-मेल्याची वर्दी कोण देत होतं? महार. दोन गावांचं शिवेवरून भांडण लागलं की शीव कुठून जाते हे चालून कोण दाखवत होतं? महार. सरकारी पट्टीचा पैका तालुक्याला कोण पोचवत होतं? तोच. म्हणजे गावाचं सगळं दप्तर आपल्या माणसाच्या डोक्यात होतं. कुळकर्ण्याच्या हातात फक्त बोरू होता. सांगणारा आपला, लिहिणारा त्यांचा. लिहिणाऱ्यानं जे पाहिजे ते ठेवलं, सांगणाऱ्याला गाळलं.

आमच्या गोदीतही तसंच आहे. टॅलीच्या कागदावर गोण्या मोजलेल्या असतात, पोलादाच्या कॉइल मोजलेल्या असतात, फाटकी गोणी किती तेही असतं. पाठीवर कुणी घेतली ते नसतं. पण म्हणून टॅलीचा कागद फेकून द्यायचा नाही. गोण्या आहेत म्हणजे उचलणारा होता. आपल्याला सरकारी दप्तर असं वाचावं लागतं.

मला हा नाद लागला तो काही हौसेनं नाही. धाकट्या बहिणीला नर्सिंगला जागा मिळाली आणि जात पडताळणीचा दाखला मागितला. कायदा २००० सालचा, अंमल २००१ पासून. अनुसूचित जातीच्या माणसानं १० ऑगस्ट १९५० च्या आधी आपला बापजादा या राज्यात राहत होता आणि त्याची जात अमुक होती याचा पुरावा द्यायचा. त्या तारखेला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला, म्हणून ती तारीख. ठीक आहे, कायदा आहे. खोटे दाखले काढून आपल्या जागा खाणाऱ्यांना आवरायला तो लागतोच, मी त्याच्या विरोधात नाही. पण गंमत बघा. शेकडो वर्षं गावानं आम्हाला एक दिवससुद्धा विसरू दिलं नाही की तुम्ही महार आहात. विहिरीवर विसरू दिलं नाही, हॉटेलात कपबशी वेगळी ठेवून विसरू दिलं नाही. तेव्हा कुणी कागद मागितला नाही. आता पोरीनं शिकायचं म्हटलं की, महार कशावरून?

माझा आजा १९५२ साली गावच्या शाळेत दाखल झाला. म्हणजे तारखेच्या दोन वर्षं उशिरा. त्याच्या नावापुढं जातीच्या रकान्यात मास्तरानं लिहिलं, 'हरिजन'. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "हरिजन ही जात यादीत नाही." बाई नियमानं बरोबर होत्या. बाबासाहेबांना तो शब्द कधीच मान्य नव्हता, पण मास्तराला तो गोड वाटला असणार. त्या एका गोड शब्दानं सत्तर वर्षांनी आमच्या पोरीची फाईल अडली.

मग मी शाळेत गेलो. शाळेचं जनरल रजिस्टर ही आपल्या लोकांची पहिली चोपडी, हे लक्षात ठेवा. दाखल कधी झाला, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा कधी सोडली आणि का सोडली. हेडमास्तरांनी कपाट उघडून दिलं, चहा पाजला, चांगला माणूस. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण मधलं शाबूत. मी महारवाड्याची पोरं एकेक वाचत गेलो. सगळ्यांची जन्मतारीख १ जून! वर्षं वेगळी, तारीख तीच. शाळा जूनला भरायची, पोराच्या आईला तारीख माहीत नसायची, मास्तर पोराकडं बघून अंदाजानं वर्ष ठरवायचा आणि १ जून टाकून मोकळा व्हायचा. तुमच्या आज्याची जन्मतारीख १ जून असेल तर ती जन्मतारीख समजू नका, मास्तराची सही समजा. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात बहुतेकांपुढं एकच शब्द होता, 'गैरहजर'. तो का गैरहजर होता, गुरं राखत होता की उपाशी होता, त्याला रकाना नव्हता.

तिथं मला माझ्या आज्याचे चारही भाऊ सापडले, म्हणजे तो धरून चार. थोरला, दाखल १९४६, जात महार. माझा आजा १९५२, हरिजन. तिसरा १९५९, बौद्ध. चौथा १९६३, नवबौद्ध. एका आईच्या पोटच्या चार पोरांच्या चार जाती! मधे १४ ऑक्टोबर १९५६ होऊन गेला होता. नागपूरच्या दीक्षेचं पाणी आमच्या गावच्या रजिस्टरात असं उतरलं. कुणी म्हणेल हा गोंधळ आहे. मला तो एका कुटुंबाचा सगळ्यात खरा इतिहास वाटतो. सरकारनंही हा गोंधळ निस्तरायला वेळ घेतला. महाराष्ट्र राज्य झालं त्या १९६० साली राज्याच्या सवलती बौद्धांना मिळाल्या, केंद्रात त्यासाठी १९९० उजाडलं. मधल्या तीस वर्षांत कितीजणांनी पोटासाठी कागदावर 'हिंदू महार' राहू दिलं, त्यांना नावं ठेवू नका. त्यांचे कागदही जपून ठेवा.

थोरल्याची १९४६ ची नोंद म्हणजे पुरावा झाला. पण तो आणि माझा आजा सख्खे भाऊ हे कोण सांगणार? आता जमिनीचे कागद आले.

आपल्यातल्या ज्यांच्याकडं वतन होतं त्यांनी हे कान देऊन ऐका. महारकी वतनावर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. १८७४ च्या वतन कायद्यानं आपल्या माणसाला अर्ध्या भाकरीवर आणि मूठभर बलुत्यावर चोवीस तासांचा सरकारी गडी करून टाकलं होतं, ते त्यांना मोडायचं होतं. शेवटी वतन गेलं ते १९५८ च्या कनिष्ठ वतनं निर्मूलन कायद्यानं. जमिनी खालसा झाल्या, मग रक्कम भरून नव्या शर्तीनं पुन्हा वतनदारांच्याच नावावर दिल्या. नवी शर्त म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरी कितीतरी जमिनी दुसऱ्यांच्या घशात गेल्या, तो वेगळा विषय, त्यावर एक दिवस वेगळा ठेवा. इथं मुद्दा असा की वतन होतं म्हणून कागद झाला. फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, कुणी मेला की वारसाची नोंद होते. तलाठ्याकडं नसेल तर तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तुम्ही आपलं भाऊसाहेबच म्हणा, काम लवकर होतं. कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, नक्कल मागा, पावती घ्या. 'दप्तर जीर्ण आहे' असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, वापरा.

माझा पणजा १९६१ साली वारला. वारस नोंदीत त्याचे चार मुलगे ओळीनं. सख्खेपणा सिद्ध झाला. बहिणीची फाईल हलली, दाखला आला, ती आज दुसऱ्या वर्षाला आहे. तिथं काम संपलं होतं. पण ती नक्कल हातात घेऊन मी एस.टी.त बसलो आणि मला खटकलं की चार मुलगे आहेत, पोरी कुठायत? पणज्याला दोन पोरी होत्या. थोरली तर अजून जिवंत आहे! माझ्या आज्याची थोरली बहीण, माझी आत्याआजी, नव्वदीची. वारसा कायदा १९५६ सालीच झाला होता, पोरीला हिस्सा मिळाला होता. पाच वर्षांनी आमच्या गावात नोंद करताना तो कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. आणि खरं बोलायचं तर आमच्या चार आज्यांच्याही ध्यानीमनी नव्हता. दप्तर त्यांचं होतं, पण बाईला गाळायला आपली माणसंही कमी नव्हती.

मी आत्याआजीकडं गेलो. ती शेजारच्याच गावात दिलेली. डोळ्यांनी दिसत नाही. मला म्हणाली, "कुनाचा रं तू?" मी बापाचं नाव सांगितलं, आज्याचं सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला आणि तिथून पुढं ती सुरू झाली ती दोन दिवस.

तिनं मला येसकराच्या पाळ्या सांगितल्या. म्हाताऱ्या माणसाला आजा-पणजा विचारलं की गडबडतं. पाळ्या विचारा. वेशीवर घुंगराची काठी घेऊन उभं राहायची पाळी वतनाच्या वाटणीप्रमाणं फिरायची. पहिली थोरल्या भाऊकीची, मग मधल्या, मग धाकट्या, मग थोरल्यातल्या दुसऱ्या घराची. कुणाला पाळी पुरती, कुणाला अर्धी, कारण तिथं भाऊ वेगळे झाले होते. ही पाळी म्हणजेच वंशावळ. तिनं जसं सांगितलं तसं मी कागदावर मांडत गेलो, आणि झाड उभं राहिलं. पाच पिढ्या. उपाध्याच्या चोपडीला मारा गोळी. आपल्याला राबवायला त्यांनी जी पाळी लावली तिच्यातच आपला वंश लिहिला गेला होता, आणि ती एका अडाणी बाईला तोंडपाठ होती. दीक्षेनंतरच्या साली ती काठी गावातल्या पोरांनी आडात टाकली, मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं. कुणी टाकली त्यांची नावंही तिनं सांगितली. एकाचं नाव ऐकून मला घाम फुटला, तो माझा आजा, तेव्हा अकरा वर्षांचा.

तिच्याकडं साल नाही. साथ आहे, धमाका आहे, भूकंप आहे. गाठीच्या सालात, म्हणजे प्लेग, १८९६ नंतरची वर्षं. मानमोडीत, म्हणजे १९१८ चा ताप. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. दुष्काळ, १९७२. अशी एक यादी करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि मगच म्हाताऱ्यांपुढं बसा.

'धमाक्याच्या साली' हे ती म्हणाली तेव्हा मी जागेवर ताठ झालो. कारण तो धमाका माझ्या कामाच्या जागेचा. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोट, पोटात दारूगोळा आणि कापूस. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास उडाली, थोड्या वेळानं पुन्हा उडाली. शेकडो मेले. पणज्याचा धाकटा भाऊ तेव्हा तिथं टोळीत होता. टोळीवाला सकाळी गेटवर माणसं उचलायचा, रोजंदारीवर. गोदी कामगारांच्या नोकरीचा कायदा त्यानंतर चार वर्षांनी, १९४८ ला झाला. आत्याआजी सात-आठ वर्षांची होती. तिला आठवतंय, तिची चुलती मुंबईहून एकटी आली, हातात एक गाठोडं. माणूस दिसला नाही, राख दिसली नाही. बाबासाहेब त्या दिवशी त्रेपन्न वर्षांचे झाले. ते व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. आमच्या घरात जयंतीला सकाळी पिवळं पाणी कुंडीत घालायची एक चाल आहे, ती का हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती त्या चुलत्याची. त्या आगीत मेलेल्या बंबवाल्यांसाठी १४ एप्रिलपासून आजही अग्निशमन सप्ताह पाळतात, पाळावाच. टोळीतल्या माणसाचं साल आणि दिवस तेवढा एका म्हातारीनं पाळला. गावच्या मृत्यूच्या नोंदीत तो नाही, कारण तो गावात मेला नाही.

ही मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना चौदा, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडीत. मोडी वाचणारा शोधावा लागतो, पण दहा शब्द शिकून घेतले तरी निम्मं काम होतं. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. जातीचा शब्द ओळखायला शिका. आपल्या जुन्या पुरुषांच्या नावाला शेवटी 'नाक' असतं, कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या शिपायांची नावं आहेत तसंच. जन्माच्या नोंदीत बहुतेक ठिकाणी बाळाचं नाव नसतं, बापाचं असतं आणि पुढं मुलगा की मुलगी. मरणाचं कारण बघाल तर ताप, ताप, जुलाब, ताप. एका पानावर आमच्या वाड्यातली एका महिन्यात सात मरणं आहेत.

आणि एक बातमी. २०२३ साली मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. राज्यभर जुनी दप्तरं काढली, मोडी वाचणारे बसवले, पानं स्कॅन केली, कितीतरी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवली. त्यांना 'कुणबी' शब्द पाहिजे होता, तेवढा बघून ते पुढं गेले. आपली माणसं त्याच पानांवर खालच्या ओळीत आहेत. फुकट स्कॅन झालेत, मोबाईलवर उघडतात. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावरही काही जुने कागद थोडी फी भरून मिळतात. बसा आणि वाचा.

आता एक अवघड गोष्ट. पणज्याला एक बहीण होती. घरात सगळे सांगायचे, लहानपणीच वारली. कोतवाल बुकात तिचं मरण नाही. मी आत्याआजीला विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिला देवाला सोडली व्हती. जेजुरीला." म्हणजे मुरळी. पोर आजारी पडली, नवस केला, फेडला. घरानं तिला जिवंतपणी मारून टाकलं आणि तीन पिढ्या तेच सांगत आले. पुण्याला १९०८ साली शिवराम जानबा कांबळ्यांनी 'सोमवंशीय मित्र' काढलं, मुरळ्या सोडायच्या चालीवर कोरडे ओढले. म्हणजे बोलणारे आपल्यात तेव्हाही होते. आमच्या गावापर्यंत ते पोचलं नाही. आमच्या चुलत्याला मी हे वहीत लिहिलं ते आवडलेलं नाही. तो म्हणाला, "अरे, हे कशाला उकरतोस, पोरींची लग्नं व्हायचीत." मी खोडलं नाही. त्यांच्या दप्तरानं आपल्याला गाळलं म्हणून आपण ओरडायचं आणि आपल्या वहीतून आपलीच बाई गाळायची, हे माझ्याच्यानं होणार नाही.

बायांच्या बाबतीत कागद कमी आणि तोंड जास्त. प्रत्येक सुनेचं माहेर विचारा. पाच पिढ्यांच्या माहेरांची गावं नकाशावर मांडली तर आपल्या सोयरिकीचा सगळा मुलूख दिसतो. जात्यावरच्या ओव्यांत भावाचं नाव, गावाचं नाव येतं, कितीतरी ओव्यांत भीमराव येतो. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वां यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या आता ऐकता येतात. तुमच्या आजीचा आवाज त्यात नसेल. तो तुम्हीच टेपा, खिशात मोबाईल आहे.

शहरातलेही कागद टाकू नका. चाळीच्या भाड्याच्या पावत्या, जुनं रेशनकार्ड, गिरणीचा पास, गोदीचा पास, गावमंडळाची वर्गणीची वही. चाळी पाडून टॉवर होताहेत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या भंगारात निघाल्यात. मागच्या महिन्यात आमच्या गावमंडळाची जुनी वही मी रद्दीवाल्याकडून वीस रुपयांना परत घेतली. त्यात १९५६ च्या नागपूरच्या तिकिटाचा जमाखर्च आहे. कुणी किती आणे दिले आणि कुणाकडं नव्हते म्हणून मंडळानं भरले, माणसागणिक नाव.

ती वही इथं टेबलावर ठेवलीय. हात धुऊन बघा, पानं सुटतात. ज्यांची गावं कृष्णाकाठची आहेत त्यांनी आपला आजा त्यात आहे का ते पाहावं. येत्या रविवारी पहाटेच्या गाडीनं मी आत्याआजीकडं चाललोय. तिच्या सासरच्या पाळ्या अजून लिहायच्या राहिल्यात. दोघंजण बरोबर आले तर बरं होईल, एकानं विचारायचं, एकानं लिहायचं. ती पहाटे चारला उठते आणि दुपारनंतर तिला थकवा येतो.